‘गेट’ची उकल: एका इंग्रजी क्रियापदाचे अनेक अर्थ आणि ते ओळखण्याची रीत

मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘लागणे’ हे क्रियापद शिकवून पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झोप लागते, वेळ लागतो, मूल रडू लागतं आणि मला जावं लागतं. तो वही उघडून विचारणार, ‘लागणे म्हणजे नक्की काय?’ आपल्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. तरीही आपण हा शब्द भलत्या ठिकाणी कधी वापरत नाही. त्याचे अर्थ आपण पाठ केलेलेच नसतात. त्याच्या शेजारी कोण उभं आहे हे पाहून तो आपल्याला कळतो.

इंग्रजीतला ‘गेट’ असाच आहे. शाळेच्या वहीत मी त्याच्यापुढे ‘मिळणे’ एवढंच लिहिलं होतं, आणि ‘आय गॉट अ लेटर’ या वाक्याला ते चपखल बसलं. मग ‘गेट अप’, ‘गेट अँग्री’, ‘गेट होम’, ‘गेट मॅरिड’ अशी वाक्यं येत गेली आणि ‘मिळणे’ कुठेच बसेना. शब्दकोश उघडला तर अर्थांची पानंच्या पानं. पाठांतराने हा शब्द हाती येत नाही हे कळायला मला फार वर्षं लागली. त्याऐवजी काय करायचं, ते इथे क्रमाने मांडते आहे.

पहिली पायरी: कान तयार करा

देवनागरीत एक घोटाळा आधीच होतो. फाटक या अर्थाचा ‘गेट’ आणि हे क्रियापद आपण एकसारखंच लिहितो, पण इंग्रजीत दोन्ही उच्चार वेगळे आहेत. फाटकाच्या शब्दातला ‘ए’ लांब असतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकतो. क्रियापदातला ‘ए’ आखूड, झटक्यात तोडलेला. लिहिण्याचं पेन आणि वेदना या अर्थाचं ‘पेन’ यांत जो फरक आहे, तोच इथेही आहे. दोन्ही शब्द मोठ्याने, आलटूनपालटून दहा वेळा म्हणा. फरक कानाला कळेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण बोलताना आपल्याकडून बहुतेक वेळा लांब ‘ए’च निघतो.

बोलण्याच्या ओघात हा शब्द शेजाऱ्याला चिकटतो. ‘गेट आउट’चं ‘गेटाउट’ होतं, अमेरिकन तोंडी तर ‘गेडाउट’. ‘गॉट टू’चं ‘गॉटा’ होतं. चित्रपट पाहताना शब्द कळत नाहीत असं वाटतं तेव्हा पुष्कळदा हा जोडलेला ‘गेट’च कानातून निसटलेला असतो.

दुसरी पायरी: तो आला कुठून ते पाहा

हा भाग वगळून पुढे गेलात तरी इंग्रजी बोलता येईल. पण मला स्वतःला हा शब्द खऱ्या अर्थाने उमगला तो त्याचं मूळ वाचल्यावर.

‘गेट’ हा इंग्रजीचा घरचा शब्द नाही. ७९३ साली उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर व्हायकिंगांनी, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दी लुटारूंनी, हल्ला केला. पुढच्या शतकात ते नुसते लुटायला न येता राहायलाच आले. ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क घेतलं, आणि इंग्लंडचा उत्तर व पूर्व भाग मोठ्या प्रमाणात त्यांच्या अमलाखाली गेला. १०१६ मध्ये तर क्नूट हा डेन्मार्कचा राजपुत्र इंग्लंडच्या गादीवर बसला. दोन समाज शेजारी शेजारी राहिले, त्यांच्यात लग्नं झाली, आणि व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतले अगदी रोजचे शब्द इंग्रजीत मिसळून गेले. ‘एग’, ‘स्काय’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘टेक’, इतकंच काय ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामंही नॉर्सचीच देणगी आहे. यॉर्कमध्ये आजही स्टोनगेट, कॉपरगेट अशी रस्त्यांची नावं आहेत. त्यांतला ‘गेट’ म्हणजे फाटकही नव्हे आणि आपलं क्रियापदही नव्हे. तो ‘रस्ता’ या अर्थाचा नॉर्स शब्द आहे.

त्याच नॉर्समधला ‘गेता’ म्हणजे मिळवणे, गाठणे, अपत्याला जन्म देणे. साधारण १२००च्या सुमारास तो इंग्रजी लिखाणात दिसू लागतो. जुन्या इंग्रजीकडे याच घराण्यातलं एक धातुरूप होतं, पण ते बहुधा उपसर्ग लावूनच वापरलं जाई, आणि त्यातला पहिला वर्ण ‘य’च्या जवळचा होता. ‘यील्ड’, ‘यार्ड’ या घरच्या शब्दांत तो ‘य’ अजून ऐकू येतो. ‘गेट’मधला कणखर ‘ग’ ही नॉर्स बोलणाऱ्यांची खूण आहे.

उपसर्ग लावलेल्या त्या जुन्या रूपांपैकी एक आजही आपण रोज वापरतो: ‘फरगेट’. धरलेलं हातून सुटणं, म्हणजे विसरणं. जर्मनमधलं ‘फेरगेसन’ हे त्याचं भावंड.

आणखी मागे गेलं तर ‘पकडणे’ या अर्थाचा एक प्राचीन मूळ धातू सापडतो. लॅटिनमध्ये त्याच्यापासून ‘प्रेहेंदेरे’ झालं, आणि त्यातून फ्रेंचमार्गे व थेट लॅटिनमधून इंग्रजीत ‘प्रिझन’, ‘सरप्राइज’, ‘एंटरप्राइज’, ‘ॲप्रिहेंड’ आणि ‘कॉम्प्रिहेंड’ आले. म्हणजे परीक्षेतला भारदस्त ‘कॉम्प्रिहेंड’ आणि बोलण्यातला साधा ‘आय गेट इट’ हे दूरचे नातेवाईक आहेत, आणि दोघेही वेगवेगळ्या वाटांनी ‘समजणे’ या एकाच अर्थाला येऊन मिळाले. मराठीत आपण समजून ‘घेतो’, विषय ‘ग्रहण’ करतो. हाताने धरणं आणि मनाने धरणं यांची जोडी आपल्यालाही अनोळखी नाही.

इंग्रजीत आल्यावर हा शब्द पसरत गेला. आधी मिळवणं आणि गाठणं. १६व्या शतकाच्या अखेरीस त्याच्यापुढे विशेषणं येऊ लागली आणि ‘होणे’ हा अर्थ रुजला. १७व्या शतकात तो कर्मणी वाक्यांत दिसतो. ‘समजणे’ हा अर्थ त्या मानाने नवा, १९व्या शतकाच्या अखेरचा. प्रत्येक वेळी मूळ कल्पना मात्र तीच राहिली: जे हाती नव्हतं ते आता हाती आलं.

तिसरी पायरी: ‘आता काय आहे?’ एवढंच विचारा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: ‘बी’ आणि ‘हॅव’ म्हणजे असणं, ‘गेट’ म्हणजे त्या असण्यापर्यंत येणं.

‘गेट’चं कोणतंही वाक्य समोर आलं की विचारा, हे घडल्यानंतर आता काय आहे? ‘आय गॉट अ बुक’: आता माझ्याकडे पुस्तक आहे, म्हणजे ‘आय हॅव अ बुक’. ‘शी गॉट अँग्री’: आता ती रागावलेली आहे, ‘शी इज अँग्री’. ‘वी गॉट होम’: आता आम्ही घरी आहोत. ‘आय गॉट द रूफ मेंडेड’: आता छप्पर दुरुस्त झालेलं आहे. ‘गेट’ म्हणजे ‘नाही’कडून ‘आहे’कडे जाताना ओलांडलेला उंबरठा. तो ओलांडल्यावर माणूस कुठे पोहोचला, हे ‘गेट’च्या पुढचा शब्द सांगतो.

चौथी पायरी: पुढे कोण उभं आहे ते पाहा

पुढे नाम असेल तर काम सोपं. मिळणं, आणणं, घेणं, पकडणं यांपैकी एक अर्थ निघतो आणि संदर्भ तो ठरवतो. ‘डिड यू गेट द लेटर?’ म्हणजे पत्र मिळालं का. ‘कुड यू गेट द लेटर?’ म्हणजे पत्र आणशील का. ‘गेट द बस’ म्हणजे बस पकडणे, ‘गेट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी होणे. दाराची घंटा वाजल्यावर कोणी ‘आय विल गेट इट’ म्हणालं तर ते ‘मी बघते’ असतं. दोन कर्मं आली, जसं ‘गेट मी सम वॉटर’, की ‘आणून दे’ हा अर्थ पक्का.

पुढे ठिकाण असेल तर पोहोचणं. इथे ‘टू’ लागतो: ‘वी गॉट टू द स्टेशन’. मात्र ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी तो लागत नाही: ‘वी गॉट होम’. याच अर्थाच्या ‘रीच’ला ‘टू’ कधीच लागत नाही. आपण मराठीतलं ‘स्टेशनला’ मनात धरून ‘रीच टू द स्टेशन’ म्हणून जातो. ‘टू’ वापरण्याची सवय ‘गेट’साठी राखून ठेवा.

पुढे विशेषण असेल तर होणं. इथे जरा थांबू या, कारण मराठी माणसाला सर्वांत जास्त उपयोग होतो तो याच प्रकाराचा, आणि आपण तो सर्वांत कमी वापरतो.

अवस्था बदलते तेव्हा मराठी काय करते ते पाहा. राग येतो. भूक लागते. अंधार पडतो. उशीर होतो. कंटाळा येतो. प्रत्येक अवस्थेचं क्रियापद ठरलेलं आहे. ‘भूक पडली’ किंवा ‘अंधार लागला’ म्हणून चालत नाही. इंग्रजीत या सगळ्यांना एकटा ‘गेट’ पुरतो: ‘गेट अँग्री’, ‘गेट हंग्री’, ‘गेट डार्क’, ‘गेट लेट’, ‘गेट बोर्ड’. म्हणून एक सवय लावून घ्या. मनातल्या मराठी वाक्यात अवस्थेबरोबर येणे, लागणे, पडणे किंवा होणे आलं, की इंग्रजीत आधी ‘गेट’ आणि विशेषण बसतंय का ते पाहायचं.

‘बी’ वापरला तर बिघडतं का? कधीकधी हो. ‘आय वॉज अँग्री व्हेन शी केम’ या वाक्यात ती आली तेव्हा मी आधीच रागावलेली होते असा अर्थ निघू शकतो. ‘आय गॉट अँग्री व्हेन शी केम’ म्हटलं की ती आल्यावर मला राग आला. एका शब्दाने घटनेचा क्रमच बदलतो.

लग्नाच्या बाबतीत हा फरक फार ठळक आहे. ‘माझं लग्न झालंय’ या मराठी वाक्यात घटना आणि स्थिती दोन्ही सामावतात. इंग्रजीत त्यांची फारकत करावी लागते. स्थिती विचारायची तर ‘आर यू मॅरिड?’ घटनेची वेळ विचारायची तर ‘व्हेन डिड यू गेट मॅरिड?’ तिथे ‘व्हेन आर यू मॅरिड?’ चालत नाही. आणि कोणाशी हे सांगताना ‘विथ’ नव्हे, ‘टू’: ‘शी गॉट मॅरिड टू अ टीचर’.

बदल हळूहळू होत असेल तर ‘गेटिंग’ वापरा. त्याला मराठीतलं ‘होत चालणे’ अगदी जुळतं. ‘इट इज गेटिंग लेट’, उशीर होत चाललाय. ‘शी इज गेटिंग बेटर’, तिला बरं वाटत चाललंय.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. ‘होणे’च्या पुढे नाम असेल तर ‘गेट’ चालत नाही. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणजे त्याने डॉक्टर बोलावून आणला. तो स्वतः डॉक्टर झाला असेल तर ‘ही बिकेम अ डॉक्टर’. दुसरं म्हणजे काही बदलांची क्रियापदं इंग्रजीतही ठरलेली आहेत. पानं पिवळी पडतात तेव्हा ‘टर्न’, दूध नासतं किंवा माणूस वेडा होतो तेव्हा ‘गो’. ही यादी छोटी आहे, वाचता वाचता अंगवळणी पडते.

पाचवी पायरी: ‘करून घेणे’ला ‘गेट’ची जोड द्या

केस कापायला आपण दुसऱ्याकडे जातो, तरी घाईत इंग्रजी बोलताना ‘आय कट माय हेअर’ म्हणतो. याचा अर्थ मी स्वतः कात्री घेऊन कापले. मराठीत आपण किती नेमकं बोलतो पाहा: ‘केस कापून घेतले’. त्या ‘घेतले’साठीच इंग्रजीत ‘गेट’ आहे: ‘आय गॉट माय हेअर कट’. रचना अशी: आधी ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट द फोन रिपेअर्ड’, ‘वी गॉट द हाउस पेंटेड’. मराठीत ‘-ऊन घेतलं’ सुचलं की ही रचना आठवा.

करणाऱ्या माणसाचा उल्लेख करायचा असेल तर रचना बदलते: ‘आय गॉट हर टू साइन’. मधल्या ‘टू’वर लक्ष ठेवा. याच अर्थाच्या ‘मेक’ आणि ‘हॅव’ला तो लागत नाही. तिन्हींत छटांचा फरकही आहे. ‘आय मेड हर साइन’ म्हणजे तिला सही करायला भाग पाडलं. ‘आय हॅड हर साइन’ म्हणजे सांगितलं आणि तिने केली. ‘आय गॉट हर टू साइन’मध्ये थोडी मनधरणी आहे, खटपट आहे, समजूत घालून राजी केलेलं आहे. ‘गेट’मधला जुना ‘मिळवणे’ इथे अजून जिवंत आहे: तिचा होकार मिळवावा लागला.

यंत्र किंवा काम महत्प्रयासाने सुरू केलं तर ‘आय गॉट द इंजिन रनिंग’. आणि नको असलेलं घडलं तरी हीच चौकट चालते: ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’, माझं बोट दारात सापडलं. इथे कोणी काही करवून घेतलेलं नाही हे संदर्भावरूनच कळतं.

सहावी पायरी: पदरी पडणारा ‘गेट’

‘ही वॉज कॉट’ आणि ‘ही गॉट कॉट’ दोन्हींचा अर्थ तो पकडला गेला असाच. पण दुसऱ्या वाक्यात घटना जास्त आहे, तिचा धक्का आहे. बरंवाईट काहीतरी माणसाच्या पदरी पडतं तेव्हा बोलण्यात ‘गेट’ सहज येतो: ‘गेट हर्ट’, ‘गेट फायर्ड’, ‘गेट प्रमोटेड’, ‘गेट इन्व्हायटेड’. ज्या क्रियापदांत काही घडतच नाही, नुसती स्थिती असते, तिथे तो बसत नाही. जमीन कोणाच्या मालकीची आहे हे सांगताना ‘इज ओन्ड’ म्हणा, ‘गेट्स ओन्ड’ नव्हे.

सातवी पायरी: ‘गॉट’च्या तीन वाटा

‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे नुसतं माझ्याकडे गाडी आहे. रूप झालेल्या क्रियेचं, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळाचं, अर्थ नुसत्या वर्तमानाचा. मराठीतही ‘मी बसलेय’ म्हणजे आत्ता बसलेल्या अवस्थेत आहे. झालेल्या क्रियेतून आजची स्थिती सांगण्याची ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. मिळालेलं आहे, म्हणून जवळ आहे.

अमेरिकेत ‘गॉटन’ ऐकू येतं. ते अशुद्ध आहे असं मानणारे अनेक भेटतात, पण ते रूप जुनं आहे. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ते सापडतं. ब्रिटनमध्ये पुढे ते मागे पडलं, अटलांटिकपलीकडे टिकलं. ‘फरगॉटन’मध्ये तर ब्रिटिशांनीही ते सोडलेलं नाही. अमेरिकन माणूस दोन्ही रूपं वापरतो आणि अर्थानुसार निवडतो: ‘आय हॅव गॉट अ कार’, माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’, मी गाडी घेतली आहे. तुम्ही ब्रिटिश वळणाचं इंग्रजी लिहीत असाल तर ‘गॉट’वरच राहा. एका लेखात दोन्हींची सरमिसळ करू नका.

तिसरी वाट ‘टू’ आणि क्रियापदाची. ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. इथे मराठीतलं ‘मिळणे’ शब्दशः जुळतं, आणि मला ते दर वेळी सुखावतं. गंमत म्हणजे आजच्या आइसलँडिक भाषेत ‘गेता’चा रोजचा अर्थ ‘शकणे’ असा आहे. पण मागे ‘हॅव’ लागला की वाक्य पार बदलतं: ‘आय हॅव गॉट टू मीट हर’, मला तिला भेटलंच पाहिजे. घाईच्या बोलण्यात तो ‘हॅव’ जवळजवळ ऐकूच येत नाही, ‘आय गॉटा’ एवढंच उरतं. अशा वेळी काळ पाहा. घडून गेलेलं सांगत असतील तर मिळालेली संधी, पुढचं सांगत असतील तर गरज.

याच वाटेवर दोन खड्डे आहेत. ‘गेट टू नो’चा मुख्य अर्थ ओळख वाढत जाणं असा आहे. ‘मला कळलं की गाडी रद्द झाली’ हे सांगायला ‘आय गॉट टू नो’ म्हणण्यापेक्षा ‘आय फाउंड आउट’ म्हणा. दुसरा खड्डा ‘यूज्ड टू’चा. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी मी लवकर उठायचे. ‘आय गॉट यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठण्याची मला सवय झाली. पहिल्यात जुनी रीत, दुसऱ्यात नवी सवय.

आठवी पायरी: पुढे जोडलेले छोटे शब्द

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’, ‘गेट थ्रू’ अशा जोड्यांच्या लांबलचक याद्या मिळतात. त्या पाठ करू नका. प्रत्येक छोटा शब्द एक दिशा दाखवतो. ते चित्र आधी डोळ्यांपुढे आणा, मग अर्थ थोडा ताणा.

‘ओव्हर’ म्हणजे वरून पलीकडे. भिंत ओलांडली तर ‘गेट ओव्हर द वॉल’, आणि आजार किंवा दुःख ओलांडलं तरी ‘गेट ओव्हर’. ‘थ्रू’ म्हणजे आरपार: कठीण काळ काढणं, परीक्षेतून पार पडणं, फोन लागणं. ‘बाय’ म्हणजे बाजूने, अंग चोरून निघून जाणं. त्यातून जेमतेम भागवणं. ‘अक्रॉस’ म्हणजे पलीकडच्या तीरावर, म्हणून आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोहोचवणं. ‘ॲट’मध्ये नेम आहे: ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’, तुमच्या बोलण्याचा रोख काय? ‘इट गेट्स टू मी’ म्हणजे ते माझ्यापर्यंत, आतपर्यंत पोहोचतं, मनाला लागतं.

‘गेट अवे’ म्हणजे निसटणं. त्याला ‘विथ’ जोडला की जे तयार होतं ते समजावताना अनेक जण अडखळतात. मराठीत मात्र त्याला नेमका शब्द आहे: पचणे. ‘ही गॉट अवे विथ इट’, त्याला ते पचलं. एवढा जुळणारा प्रतिशब्द क्वचितच मिळतो.

वाहनांचा नियमही चित्रावरूनच कळतो. ज्यात उभं राहता, चालता येतं त्या बस, रेल्वे, विमानासाठी ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावं लागतं त्या मोटारीसाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’.

‘गेट-टुगेदर’ आणि ‘गेटअप’ हे दोन शब्द मराठीत नाम होऊन स्थिरावले आहेत. पहिल्याचा अर्थ तसाच राहिला. दुसरा आपण वेशभूषेसाठी वापरतो. इंग्रजीतही त्या नामाचा अर्थ पोशाख असाच आहे. ‘उठणे’शी त्याची गल्लत करू नका.

नववी पायरी: कुठे थांबायचं

अर्जात, अहवालात, शोधनिबंधात ‘गेट’ जपून वापरा. ‘वी गॉट युअर लेटर’ऐवजी ‘वी रिसीव्ड युअर लेटर’, ‘गॉट वर्स’ऐवजी ‘वर्सन्ड’ किंवा ‘डिटिरिओरेटेड’ जास्त शोभतं. पण ‘गेट हा आळशी शब्द आहे, तो खोडा’ असं सरसकट सांगितलं जातं ते मला पटत नाही. बायबलच्या १६११च्या त्याच भाषांतरात ‘गेट विज्डम, गेट अंडरस्टँडिंग’ असा उपदेश आहे, आणि तो भारदस्तच वाटतो. बोलण्यात तर ‘गेट’ टाळून ‘आय बिकेम रेडी’, ‘आय ऑब्टेन्ड अ कप ऑफ टी’ म्हणणारा माणूस पुस्तकातून बोलतोय असं वाटतं. लिहिताना नेमका शब्द सुचला तर तो घ्या, बोलताना ‘गेट’ला हात आखडू नका.

यंत्रांच्या भाषेतही तो पहिल्यापासून आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्यांच्या १९९१च्या पहिल्या रूपात एकच आज्ञा होती: ‘गेट’. आजही एखादं पान उघडताना तुमचा ब्राउझर बहुतेक वेळा हाच शब्द पाठवतो.

दहावी पायरी: हात चालवून पाहा

हा उतारा मोठ्याने वाचा. प्रत्येक ‘गेट’नंतर थांबून पुढे कोण उभं आहे ते पाहा.

‘आय गॉट अ मेसेज फ्रॉम माय सिस्टर. शी हॅड गॉट लॉस्ट. आय गॉट हर टू सेंड मी द ॲड्रेस, गॉट माय कोट, अँड गॉट देअर बिफोर इट गॉट डार्क. शी वॉज गेटिंग कोल्ड, बट शी सून गॉट ओव्हर इट.’

आता मराठीत: बहिणीचा निरोप आला. ती वाट चुकली होती. मी तिला पत्ता पाठवायला लावला, कोट घेतला आणि अंधार पडायच्या आत तिथे पोहोचले. ती गारठत चालली होती, पण लवकरच सावरली.

आठ वेळा ‘गेट’ आला, आणि मराठीत ‘मिळणे’ एकदाही आलं नाही. आता उलट दिशेने करा. ‘मला कंटाळा आला’, ‘मी चष्मा दुरुस्त करून घेतला’, ‘मला समुद्र बघायला मिळाला’, ‘दिवस लहान होत चाललेत’ ही चार वाक्यं खालचं न वाचता इंग्रजीत म्हणा.

‘आय गॉट बोर्ड.’ ‘आय गॉट माय ग्लासेस रिपेअर्ड.’ ‘आय गॉट टू सी द सी.’ ‘द डेज आर गेटिंग शॉर्टर.’